आकडा हद्दीला लागेपर्यंत

४ फेब्रुवारी

भाऊजी,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी बोलणी खा.

थेंबांची बाटली खिडकीतच राहिली. विसरलात की मुद्दाम ठेवलीत, ते तुम्हालाच माहीत. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं की डाव्या डोळ्याचा आतला पडदा एका कडेने सुटलाय, आणखी एक जोराचा ठोसा बसला तर तो डोळा गेला म्हणून समजा. तुम्ही मान डोलावलीत. मान डोलावण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. त्यानंतर दोन आठवड्यांत टायरच्या कारखान्यातल्या सुपरवायझरचं नाक फोडलंत, नोकरी घालवलीत, आणि आता म्हणे ठोसे मारायचीच नोकरी धरलीत. तुमचे दादा असते तर त्यांनी तुम्हाला समोर उभं करून चार शब्द सुनावले असते. ते नाहीत म्हणून मी सुनावतेय.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही अकरा वर्षांचे होतात, आणि मला घेऊन चालले म्हणून माझ्या भावाला वाटलेलं वाईट बघून तुम्ही त्याच्याच पोटात डोकं घातलं होतंत. का, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. पण एवढा दांडगा माणूस एका थेंबाला डोळे घट्ट मिटतो हेही मला ठाऊक आहे. एका हाताने कपाळ भिंतीशी दाबून धरायचं आणि दुसऱ्याने बाटली, तेव्हा कुठे एक थेंब आत जायचा. तिथे कोण दाबून धरतं?

मला नोकरी लागली. ब्लॉकचेनवर एक फळा आहे, तुम्ही लोक तुमच्या मारामाऱ्या टाकता तोच. तिथे लिहिलेलं, दाखवलेलं, दिलेलं मत, काहीही पुसता येत नाही, कारण त्याच्या नकला हजारो यंत्रांवर असतात. आमच्या कंपनीने फळ्यावरचे ठिपके, म्हणजे तिथले पैसेच, पूर्वीच घेऊन ठेवलेत, त्यामुळे आमच्या मताला वजन फार. नऊ टेबलं, प्रत्येक टेबलाचं एक खातं, आणि टेबलावर दोन किल्ल्या. वरचा बाण दाबला की पोस्टचा आकडा चढतो, खालचा दाबला की उतरतो, आणि मताचा जोर किती ठेवायचा तेही ठरवता येतं. रक्तपाताच्या पोस्टा खाली ढकलायच्या आणि चांगल्या वर, असा साहेबांचा हुकूम. मला देवदयेने वरचा बाण दिलाय. खालचा दाबणाऱ्या बायका वेगळ्या. दाबून दाबून त्यांच्या किल्लीचा रंग उडालाय.

तुमच्या खात्याचं नाव काय, आणि पोस्ट कधी पडते, ते कळवा. घरच्या माणसाला एक मत द्यायला काय हरकत आहे.

बाटली सोबत पाठवतेय. आता आशीर्वाद.

तुमची वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

गुडघा वाकत नाही, तेव्हा नमस्कार उभ्यानेच घ्या. काळजी करू नका, जिन्यावरून घसरलो.

पत्र पोचायला वेळ लागतो, कारण आमचे फोन मालकाच्या कपाटात असतात. जागेचा पत्ता फुटू नये म्हणून. टॉवेल धुवायला नेणारा गाडीवाला पत्रं नेतो-आणतो. आम्ही राहतो एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. जिथे बर्फाच्या लाद्या जमायच्या तो हौद हेच आमचं रिंगण. चारी बाजूंनी फरशी, कमरेएवढ्या भिंती, मध्ये पाणी जायची जाळी. लढत झाली की नळी सोडायची, सगळं जाळीतून जातं.

सगळं म्हणजे रंग. तुम्ही घाबराल म्हणून आधीच सांगतो, लढती ठरलेल्या असतात. कुणी कधी पडायचं ते आधी बोलून ठेवतो. तोंडात रंगाची गोळी धरायची आणि वेळ आली की फोडायची. माझा जोडीदार हातोड्या, माझ्याच खोलीत झोपतो, घोरतो, आणि सकाळी मला चहा करून देतो. असा माणूस मला खरं मारेल का?

खात्याचं नाव घुम्या. तुम्हीच ठेवलेलं, ते इथेही चिकटलं. शनिवारी दुपारी बरोबर चारला पोस्ट पडते. मत देणार असाल तर चार वाजून गेले की लगेच द्या, उशीर करू नका. उशिराच्या मताचा आम्हाला काही उपयोग नाही.

आणखी एक. मी माझ्या पोस्टवर हद्द बांधून घेतो. म्हणजे, या पोस्टला इतकेच ठिपके मिळावेत, त्याच्या वर कितीही मतं पडली तरी वरचं सगळं सामाईक साठ्यात परत जावं. पोस्ट टाकतानाच सांगावं लागतं, आणि पहिलं मत पडलं की मग मालकाचा बापही ती हद्द बदलू शकत नाही. बाकीची पोरं शंभर, दोनशे ठेवतात. मी बारा ठेवतो. मला बारा ठिपक्यांचा पहिलवान म्हणून चिडवतात. चिडवोत. कमी ठेवलं की कुणाच्या डोळ्यावर येत नाही माणूस.

थेंब हातोड्या घालतो. त्याच्या हाताला माया आहे, फक्त बोटं जाड आहेत.

घुम्या

१५ फेब्रुवारी

भाऊजी,

जिन्यावरून घसरलात. आपल्या घराला जिना नाही म्हणून तुम्हाला सवय नसेल, असं समजून घेते.

बारा ठिपके. मिळणारं घ्यायलाही स्वतःच कुंपण घालायचं, हा शहाणपणा कुणी शिकवला? मी इथे आल्यापासून हद्दी रोज बघते. कुणी शून्य ठेवतो, म्हणजे मला काही नको, नुसतं वाचा. असली माणसं बहुधा कवी असतात. कुणी दहा लाख ठेवतो, ते कधीच मिळत नाहीत, पण बिचाऱ्याला झोप चांगली लागते. बारा ठेवणारे तुम्हीच. मला वाटतं, तुमचं स्वतःचंच मन त्या कामात नाही. ज्याला पोटभर जेवायचं असतं तो ताट एवढंसं घेत नाही. तेव्हा, त्या बारातलेही मिळेनासे झाले तर तुम्ही घरी याल, खरं ना? मालक तरी फुकटचं कशाला पोसेल?

उगाच विचारते आपलं. शनिवारी चारला बाण दाबीन. चार वाजले की लगेच.

आमच्याकडे चित्र दिसत नाही. पूर्वी दिसायचं, पण दोघी-तिघींना ओकाऱ्या झाल्या, मग साहेबांनी चित्रावर करडा चौकोन बसवला. आता आम्हाला फक्त नाव दिसतं आणि त्याच्याखाली चढता-उतरता आकडा. बरं आहे. रंग असो नाहीतर रक्त, मला बघायचं नाही.

रंगाची गोळी म्हणे. तुमचा शर्ट मी कधी धुतला नाही असं वाटतं का तुम्हाला?

या घरात आता आपण दोघंच उरलोय. हे मी एकदाच लिहितेय, परत लिहिणार नाही.

वहिनी

१ मार्च

वहिनी,

एक दाढ गेली. अक्कलदाढ होती, तेव्हा फारसं नुकसान नाही, असं हातोड्या म्हणाला. पाडली त्यानेच. नंतर कागदात बांधून मला आणून दिली आणि कोपऱ्यात जाऊन रडला. तोंड सुजल्यामुळे पहिले चार दिवस नुसतं पाणी प्यायलो.

तुमचं मत आलं नाही वाटतं? की आलं आणि बुडालं? शनिवारी आकडा सुरेख चढत होता. आठ, नऊ, अकरा. बाराला टेकणार, एवढ्यात कुणीतरी खालून ओढला आणि तो आला चारवर. परत चढला, परत ओढला. अशी पोस्ट कधी रखडली नव्हती. चार वाजता सुरू झालेलं काम साधारण दहा मिनिटांत आटपतं, ते त्या दिवशी अर्ध्या तासावर गेलं. हातोड्याचं मनगट दुखावलं, माझी बरगडी. मला राग आला होता, वहिनी, आणि तुम्हाला माझा राग माहीत आहे. राग आला की मला समोर कोण आहे ते दिसत नाही. मी हातोड्याचा कान चावला. तुकडा निघाला नाही, पण निघाला असता.

ठरलेलंच होतं सगळं. थोडं जास्त रंगलं, एवढंच.

ते उंटावरून शेळ्या हाकणारे कोण असतात कुणास ठाऊक. कुठेतरी खुर्चीत बसून बोट दाबतात. असला एखादा माझ्या हाताशी आला तर त्याचं ते बोट मी मुळापासून उपटीन. हे रंगवून सांगत नाही.

आता मी हद्द सहावर आणलीय. घंटावाला हसला, मालक चिडला, पण हद्द ठरवायचा हक्क लढणाऱ्याचा, तो इथे कुणी मोडत नाही. पुढची लढत एकवीस तारखेला, परत हातोड्याशीच. तुम्ही तेवढं बाण दाबायचं विसरू नका. सहाच तर पाहिजेत.

डोळा बरा आहे. त्याला काही झालेलं नाही.

घुम्या

६ मार्च

भाऊजी,

आकडा खाली गेला याचं मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. दाढेचं वाटलं. बरगडीचं वाटलं. हातोड्याला सांगा, कानाला हळद नको, डॉक्टरला दाखव. माणसाचं तोंड घाणेरडं असतं, आणि तुमचं तर विशेष.

बारावरून सहा. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता, तुमची उतरंड सुरू झाली. आता शून्यावर या आणि तिथून घरी. माझ्या एकटीच्या वरच्या बाणाला किती वजन असणार? खाली ओढणाऱ्याने तुमच्यावर उपकारच केले असं एक दिवस म्हणाल.

आमच्याकडे मंगळवारी रक्त सांडलं, आणि ते रंगाचं नव्हतं. कुणाची तरी कुत्र्यांच्या झुंजीची पोस्ट सहाव्या टेबलाने खाली ढकलली होती. फळ्यावर सगळ्यांना सगळं दिसतं, कुठल्या खात्याने, कोणत्या मिनिटाला, किती जोराने. त्या माणसाने शोधून काढलं आणि दुपारी लोखंडी नळी घेऊन वर आला. सहाव्या टेबलाची बाई डबा उघडत होती. तिच्या गळ्याचं हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या टेबलावर ऐकू आला. सुकी काटकी मोडावी तसा. तो दुसरा घाव घालणार तेवढ्यात मी पेपरवेट फेकला आणि तो त्याच्या कपाळाला लागला. आपल्या घरातच दोष आहे बहुतेक, मी बाहेरून आले तरी मला लागण झाली. तो पडला आणि मी त्याला लाथ मारली. एक पुरली असती, पण मी तीन मारल्या. मला त्या वेळी बरं वाटलं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

आता दाराला लोखंडी शटर बसवलंय. पाण्याचे जार आले की तेवढं वर करतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सहाव्या टेबलावर, टेबलाच्या फुटलेल्या काचेचे तुकडे बाजूला सारून, साहेबांनी नवी मुलगी बसवली. इथली रीत तशीच आहे. टेबल रिकामं राहिलं तर त्या खात्याचं दिवसाचं मत वाया जातं, म्हणून कुणी रजेवर असलं तरी तिथे बदली बसतेच. नवी बिचारी सहा महिन्यांची गरोदर आहे. ज्याचं टेबल रिकामं, तिथे ती. सगळे तिला नवीच म्हणतात.

एकवीस तारीख लक्षात आहे. चार वाजता मी टेबलावरच असेन.

वहिनी

२७ मार्च

वहिनी,

ओळी तिरक्या गेल्या तर समजून घ्या. एका डोळ्याने कागदाची कड सापडत नाही.

आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सगळं सांगतो. रंग वगैरे काही नसतं. कधीच नव्हता. लढती खऱ्या असतात. पण त्या जीवघेण्या होऊ नयेत म्हणून आम्ही पोरांनीच एक नियम केला होता, आणि मालकानेही मानला होता. पोस्ट लढतीबरोबर सुरू होते. बघणारे मतं देतात, हौदावरच्या पडद्यावर आकडा चढतो, आणि आकडा हद्दीला लागला की घंटा. त्यानंतरच्या मतांचं आम्हाला काही मिळत नाही, मग फुकट मार कशाला खायचा? घंटा झाली की लढत संपली. म्हणून मी हद्द बारा ठेवली होती. म्हणून सहा. डोळ्यासाठी, वहिनी. तुम्ही आणि डॉक्टर बोललात ते मी विसरलो नव्हतो. कमी हद्द म्हणजे लवकर घंटा, दोन-चार ठोशांत काम भागतं. हे तुम्हाला सांगितलं असतं तर लढती खऱ्या आहेत हेही सांगावं लागलं असतं.

एकवीसला चार वाजता सुरू केलं. हातोड्याचं मनगट अजून बरं नव्हतं, तो हलक्या हाताने मारत होता, मीही. पाच मिनिटांत आकडा पाचवर आला. आम्ही एकमेकांकडे बघून हसलोसुद्धा. घंटावाल्याने दोरी हातात घेतली. आणि आकडा आला दोनवर. लोक ओरडायला लागले, चढला, परत पाच, परत कुणीतरी जोर वाढवला, एकवर. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. बघणाऱ्यांना वाटलं आम्ही ढिलाई करतोय म्हणून मतं मागे घेतली जातायत, ते शिव्या द्यायला लागले, रक्त काढा म्हणायला लागले. रक्त काढलं की आकडा चढायचा. मग आम्ही काढलं. मी त्याच्या दोन फासळ्या मोडल्या. मोडताना हाताला कळतं. त्याने माझं ओठापासून नाकापर्यंत फाडलं. फरशी निसरडी झाली, आम्ही पडायचो आणि पडल्या पडल्या मारायचो. तो मला म्हणाला, "घुम्या, पडून राहा ना रे." मी म्हणालो, "तू राहा." पडून राहिलेला हरला असं इथे धरतात. दोघांनाही ते जमलं नाही. मग एकदा मी वर बघितलं, आकडा किती झाला ते बघायला. तेवढ्यात त्याचा अंगठा आला. मुद्दाम नव्हता. तो अंगठा माझ्या डाव्या डोळ्यात पहिल्या पेरापर्यंत गेला.

आकडा शेवटपर्यंत सहाला लागला नाही. घंटावाल्याने दोरी सोडून दिली आणि हौदात उडी मारून आम्हाला वेगळं केलं.

डोळा काढला. तिथे आता कापूस आहे. हातोड्याचं मनगट प्लास्टरमध्ये आहे आणि तो दिवसभर माझ्या खाटेशी बसतो. 

पण फळ्यावर काही पुसता येत नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना. मालकाने माणूस लावला. दोन्ही वेळेला खाली ओढणारं खातं एकच निघालं. आधी दहावा हिस्सा जोर, मग निम्मा, मग पूर्ण. चार वाजल्यावर दहा मिनिटांच्या आतच सुरू केलं होतं. म्हणजे टपून बसलेलं कुणीतरी. आणि ते खातं तुमच्याच कंपनीचं आहे, वहिनी. तिसरं टेबल, खिडकीजवळचं. तुम्ही वरच्या बाणवाल्या बाजूला बसता, तरी तो माणूस तुमच्या ओळखीचा असेल. त्याच्याबद्दल मला काही सांगू नका. त्याला बायको-मुलं आहेत असं कळलं तर माझा हात आखडेल, आणि मला तो आखडायला नको आहे.

हातोड्या स्वतःहून तयार झाला. पाण्याचे जार पोचवणाऱ्याशी त्याने बोलून ठेवलंय. मी एवढंच सांगितलं, जीव घेऊ नकोस. उजव्या हाताची बोटं. ज्यांनी दाबलं ती.

पाच एप्रिलला, दुपारी. त्या दिवशी तुम्ही कामावर जाऊ नका. ताप आला म्हणून सांगा. मारामारीत कुणाचा हात कुठे लागेल सांगता येत नाही, आणि तुम्ही पेपरवेट फेकत मध्ये पडाल हे मला माहीत आहे. आता या जगात मला तुम्ही एकट्याच आहात. कृपा करून घरी थांबा.

घुम्या

९ एप्रिल

भाऊजी,

पत्र तीन तारखेलाच मिळालं होतं. रजा घेतली नाही.

आधी वाटलं, घ्यावी. ताप खोटा सांगायलाही लागला नसता, तुमचं पत्र वाचून खरंच आला होता. पण सहाव्या टेबलाची बाई कामावर परतलीय, तेव्हा मी गेले नसते तर तिसऱ्या टेबलावर नवी बसली असती. टेबल रिकामं ठेवत नाहीत, हे मी तुम्हाला लिहिलं होतं. तुम्ही ते वाचलंत, पण तिसरं टेबल कुणाचं, ते मी लिहिलं नव्हतं.

तिसरं टेबल माझं आहे.

मला वरचा बाण कधी दिलाच नव्हता. रंग उडालेली किल्ली माझीच. तुम्ही मला रंगाची गोळी सांगितलीत, मी तुम्हाला वरचा बाण सांगितला. मला वाटलं, आकडा पाडला की तुम्हाला काही मिळणार नाही, मालक हाकलून देईल, तुम्ही डोळा घेऊन घरी याल. चार वाजायची वाट बघत बसले होते. करड्या चौकोनाखाली पाच दिसले की दाबायची. परत पाच झाले की जोर वाढवायची. एकदा आकडा एकवर आला तेव्हा मी हसले, भाऊजी. शेजारची म्हणाली, आज खुशीत दिसतेस. त्याच वेळी तिकडे तो अंगठा गेला असेल. आकडा ही तुमची घंटा होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मला वाटलं होतं की मला तुमच्याबद्दल सगळं माहीत आहे.

पाच तारखेला जार आले. शटर वर झालं. उजव्या खांद्यावर जार, डावा हात प्लास्टरमध्ये, एका कानाला टाके. लगेच ओळखलं. जार खाली ठेवून त्याने कमरेचा हातोडा काढला आणि विचारलं, "तिसरं टेबल कुठलं?"  मी म्हटलं, "हे."

तो थांबला. "बाई आहे हे सांगितलं नव्हतं," असं स्वतःशीच म्हणाला. मला म्हणाला, "घुम्याच्या पोस्टवर तुम्हीच बसायचात? दुसरं कुणी नाही?" मी म्हटलं, "मीच. दोन्ही वेळेला." त्याचे डोळे भरले होते. खरंच त्याच्या हाताला माया आहे. मी घुम्याची वहिनी, एवढे तीन शब्द बोलले असते तर हातोडा तिथेच गळून पडला असता. ते जिभेवर आले होते. पण ते बोलून मी दोन धड हात घेऊन घरी आले असते आणि तुम्ही एक डोळा घेऊन. मग तुम्हाला जेवायला कोणत्या हाताने वाढलं असतं? म्हणून बोलले नाही. हात किल्ल्यांवर सपाट ठेवला आणि म्हटलं, "लवकर करा, ती मुलगी घाबरलीय."

तीन घाव घातले. पहिल्याने टेबलाची काच फुटली आणि तर्जनी गेली. दुसऱ्याने मधलं बोट आणि पंजाचं हाड. तिसरा घालताना त्याने तोंड फिरवलं होतं, तो मनगटावर बसला. मी ओरडले, खूप ओरडले, तुमच्या नावाने ओरडले असं शेजारची म्हणते. ते त्याने ऐकलं की नाही मला माहीत नाही. खालचा बाण उडून टेबलाखाली गेला, तो कुणाला अजून सापडलेला नाही. पोलिसांना सांगितलं की मी त्याला ओळखत नाही.

दोन बोटं काढली. बाकीचा हात मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये आहे.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. हातोड्याला यातलं काही सांगू नकोस. ऐकतोस ना? त्याने तुझंच काम केलंय आणि तो आधीच दोनदा रडलाय, त्याला तिसऱ्यांदा रडवू नकोस. तुला माझा राग आला तर तो मनात ठेवू नकोस, इथे येऊन काढ. माझ्यावर हात उगारलास तरी चालेल. मलाही तुझा राग आहे, भरपूर आहे, आणि तो या पत्रात मावत नाही. पण पत्र मिळालं की त्या हौदातून बाहेर पड आणि घरी ये. तू आलास की मग आपण भांडू.

बघा, अरे-तुरेवर आले. लिहितेय डाव्या हाताने, तेव्हा अक्षराला हसू नका. तुमचं पहिलीतलं अक्षर असंच होतं.

डॉक्टरांना विचारून उरलेल्या डोळ्यासाठी थेंब आणून ठेवलेत. एका डोळ्यावर सगळा भार आला की तो सुकतो, दिवसातून तीनदा घालावे लागतील. आरशासमोर उभी राहून स्वतःच्याच डोळ्यात पाणी घालून सराव करतेय. अजून बरेचसे गालावर जातात. तुम्ही येईपर्यंत जमेल. फक्त मान हलवायची नाही, कपाळ दाबून धरायला आता माझ्याकडे दुसरा हात नाही.

तुमची वहिनी